घसाऱ्याचा पैसा कुठे असतो?

लातूरहून एका तरुण उद्योजकाने विचारलेल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. वडिलांची डाळमिल चार वर्षांपूर्वी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली. यंदाच्या नफा-तोटा पत्रकात कर वजा जाता नफा 11 लाख रुपये आणि घसारा 19 लाख रुपये दिसतो, पण 31 मार्चला बँकेत शिल्लक होती फक्त 4 लाख. ‘घसाऱ्याचे 19 लाख तर कोणालाच दिलेले नाहीत, मग ते पैसे आहेत कुठे?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. कंपनीच्या हिशेबात एक घसारा आणि आयकराच्या विवरणपत्रात दुसराच, हे कायद्यात बसते का, हा दुसरा. शेअर बाजारात नोंद असलेल्या एका कंपनीच्या अहवालात ‘डेप्रिसिएशन (म्हणजे घसारा) आणि अमॉर्टायझेशन’ अशी एकच ओळ दिसते, ती कशी वाचावी, हा तिसरा. आणि यंदा घेतलेल्या 60 लाखांच्या नव्या सॉर्टेक्स यंत्राचे, म्हणजे कॅमेऱ्याने डाळ निवडणाऱ्या यंत्राचे, आयुष्य 15 वर्षांऐवजी 10 वर्षे धरता येईल का, हा शेवटचा.

सनदी लेखापाल म्हणून मराठवाड्यातल्या जिनिंग, डाळमिल, रोलिंग मिल आणि बियाणे कंपन्यांचे हिशेब तपासण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत. पहिला प्रश्न मला जवळपास प्रत्येक मालकाने कधी ना कधी विचारलेला आहे, आणि बहुतेकांनी तो आपल्या लेखापालावर थोडा संशय घेऊनच विचारलेला आहे.

घसारा म्हणजे यंत्राची झीज, अशी समजूत शाळेपासून आपल्या मनात बसलेली असते आणि शब्दही तसाच आहे. पण हिशेबातला घसारा झीज मोजत नाही आणि यंत्राची बाजारातली किंमत किती उतरली हेही सांगत नाही. शेतात 4 लाख खर्चून विहीर खोदली, तर तो सगळा खर्च त्याच वर्षीच्या कापसावर टाकून ‘यंदा शेती 3 लाखांनी तोट्यात गेली’ असे कोणी म्हणत नाही, कारण पुढची वीस-पंचवीस पिके त्याच पाण्यावर येणार असतात. म्हणून तो खर्च त्या पिकांवर वाटून टाकावा लागतो, आणि ही वाटणी म्हणजेच घसारा. पैसा विहीर खोदताना एकदाच गेला, त्याची खर्च म्हणून नोंद मात्र वर्षांवर पसरली. जमिनीवर घसारा नसतो, कारण तिच्या उपयोगाला शेवट नाही. विहिरीवर, शेडवर आणि यंत्रावर असतो, कारण त्यांचा उपयोग कधी तरी संपतो. या वाटणीसाठी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: मालमत्ता किती वर्षे उपयोगी पडेल, शेवटी भंगारात किती येतील आणि मधल्या वर्षांत वाटणी सारखी करायची की आधी जास्त आणि मग कमी. तिन्ही अंदाज आहेत, आणि ते कंपनीचे व्यवस्थापन करते. घसाऱ्याचा आकडा रुपया-पैशापर्यंत छापलेला असला तरी तो मत आहे, मोजमाप नव्हे. पुढचे सगळे याच एका गोष्टीतून निघते.

आता तुमचे 19 लाख. ते कुठेही ‘ठेवलेले’ नाहीत, कारण घसारा हा निधी नाही. ज्या वर्षी यंत्रे घेतली त्याच वर्षी तो पैसा यंत्रे पुरवणाऱ्याच्या खात्यात गेला. यंदा नफा काढताना ज्या खर्चासाठी यंदा पैसा बाहेर गेला नाही असा 19 लाखांचा खर्च वजा झाला, म्हणून धंद्यातून यंदा हाती आलेली रोकड काढताना 11 लाखांत ते 19 लाख परत मिळवावे लागतात. बेरीज 30 लाख होते. तुम्ही पाठवलेल्या ताळेबंदात मुदतकर्जाची मुद्दल 20 लाखांनी उतरली आहे. मुद्दलफेड नफा-तोटा पत्रकात कधीच दिसत नाही, तिथे फक्त व्याज दिसते. तुरीचा साठा गेल्या वर्षीपेक्षा 8 लाखांनी वाढलेला आहे. सॉर्टेक्सची खरेदी आणि तिच्यासाठी उभा केलेला पैसा या हिशेबात धरलेला नाही. 30 लाखांतून हे 28 लाख गेले, 2 लाख उरले, आणि गेल्या मार्चची 2 लाखांची शिल्लक 4 लाख झाली. प्रश्न तुम्ही लेखापालाला विचारलात, पण उत्तर गोदामात आणि बँकेच्या हप्त्यांत होते.

रोखप्रवाह पत्रकाची सुरुवात नफ्यापासून होते आणि तिथे घसारा मिळवलेला असतो. तो पाहून काही जणांचा समज होतो की घसारा वाढवला म्हणजे रोकड वाढते. तसे होत नाही. घसारा 19 ऐवजी 25 लाख धरला असता, तर नफा तेवढ्याने कमी झाला असता आणि बेरीज तीच आली असती. फरक पडतो तो करात, आणि कर तर आयकराच्या स्वतंत्र घसाऱ्यावर ठरतो.

बँक मात्र हीच बेरीज वेगळ्या कारणासाठी करते. कर्ज फेडण्याची ताकद तपासताना बँकेचा अधिकारी करोत्तर नफा, घसारा आणि मुदतकर्जाचे व्याज मिळवतो आणि त्याला त्या वर्षीच्या मुद्दल-व्याजाच्या बेरजेने भागतो. तुमचे व्याज 6 लाख धरले, तर वर 36 लाख येतात, खाली 26 लाख, आणि गुणोत्तर सुमारे 1.38. बँकेला हे समाधानकारक वाटते. मालकाने मात्र एवढ्यावर निश्चिंत राहू नये, कारण घसारा मिळवून दिसणारी ही रोकड पूर्णपणे हप्त्यांत जात असेल, तर जुने यंत्र बदलायची वेळ येईल तेव्हा गाठीशी काही नसते आणि पुन्हा कर्जच काढावे लागते. शिवाय घसारा मूळ किमतीवर असतो. बारा वर्षांपूर्वी 22 लाखांना घेतलेल्या यंत्राचा सगळा घसारा धरून झाला तरी हिशेबात वसूल झाले ते 22 लाखच. आजचे तसेच यंत्र त्या पैशात येणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाकडे येण्याआधी तुमच्या सॉर्टेक्सवर आकडेमोड करून पाहू. 60 लाखांत जीएसटी धरलेला नाही असे मी समजतो. ज्या जीएसटीची वजावट (इनपुट टॅक्स क्रेडिट) घेतली तो यंत्राच्या किमतीत धरून त्यावर पुन्हा घसारा घेता येत नाही. यंत्र बसवण्याचा खर्च, वाहतूक आणि पायाभरणी मात्र किमतीत धरायची असते. कंपनी कायदा 2013 च्या दुसऱ्या परिशिष्टात सर्वसाधारण यंत्रसामग्रीचे उपयुक्त आयुष्य 15 वर्षे दिले आहे, आणि अवशिष्ट मूल्य, म्हणजे शेवटी येणारी भंगाराची किंमत, सहसा मूळ किमतीच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त धरू नये असे म्हटले आहे. कारखान्याच्या इमारतीला 30 वर्षे, फर्निचरला 10, डेस्कटॉप आणि लॅपटॉपला 3, सर्व्हरला 6 आणि बोअरवेलला 5 वर्षे दिली आहेत. बोअरची 5 वर्षे पाहून मराठवाड्यातला माणूस हसेल, कारण आमच्याकडे कित्येक बोअर दुसऱ्याच उन्हाळ्यात कोरडे पडतात.

60 लाखांतून 5 टक्के, म्हणजे 3 लाख, वजा केले की 57 लाख उरतात. सरळ रेषा पद्धतीने 15 वर्षांवर वाटले की दरवर्षी 3,80,000 रुपये. घटत्या शिलकेच्या पद्धतीत याच आयुष्याला 18.10 टक्के दर येतो. पहिल्या वर्षी घसारा 10,86,000, दुसऱ्या वर्षी उरलेल्या 49,14,000 वर सुमारे 8,89,000, आणि असा उतरत सातव्या वर्षी तो सरळ रेषेच्या आकड्याखाली जातो. पंधरा वर्षांची बेरीज दोन्हीकडे 57 लाखच. तेच यंत्र, तीच डाळ, तोच बाजार असताना पहिल्या वर्षीच्या नफ्यात मात्र 7 लाखांहून जास्त फरक पडतो. दोन डाळमिलांचे नफे शेजारी ठेवताना आधी पद्धत पाहावी, हे मी यासाठीच सांगत असतो. यंत्र 1 नोव्हेंबरला चालवण्यास सज्ज झाले, म्हणून पहिल्या वर्षी पाच महिन्यांचाच घसारा धरायचा: सरळ रेषेने सुमारे 1,58,000. हंगामात मिल दोन पाळ्यांत चालली तर तेवढ्या काळापुरता 50 टक्के आणि तीन पाळ्यांत चालली तर 100 टक्के जादा घसारा परिशिष्टाप्रमाणे धरावा लागतो. छोट्या कंपन्यांच्या हिशेबात ही गोष्ट हमखास राहून जाते.

आयकराचे गणित वेगळ्या पायावर उभे आहे. 1961 च्या आयकर कायद्याने चालत आलेल्या रीतीत प्रत्येक यंत्राचा वेगळा हिशेब नसतो. एकाच दराच्या मालमत्तांचा एक गट असतो आणि गटाच्या घटत्या शिलकेवर घसारा मिळतो. सर्वसाधारण यंत्रांना 15 टक्के, कारखान्याच्या इमारतीला 10, फर्निचरला 10, संगणक आणि त्याच्या सॉफ्टवेअरला 40, पेटंट किंवा परवान्यासारख्या अमूर्त हक्कांना 25. वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी निम्माच दर. म्हणून तुमच्या सॉर्टेक्सवर यंदा साडेसात टक्के, म्हणजे 4,50,000 रुपये मिळतील. इथे एक बारीक भेद आहे: कंपनीच्या हिशेबात यंत्र वापरायला सज्ज झाले की घसारा सुरू होतो, आयकरात ते प्रत्यक्ष वापरले गेले पाहिजे. तपासणीच्या वेळी वीजबिल आणि उत्पादनाची नोंदवही मागितली जाते ती यासाठी.

म्हणजे एकाच यंत्राचा, एकाच वर्षी, हिशेबात 1,58,000 आणि आयकरात 4,50,000 घसारा निघाला. दोन्ही बरोबर आहेत, आणि तुमच्या लेखापालाने काहीही लपवलेले नाही. कंपनी कायद्याचा हेतू भागधारकाला आणि सावकाराला नफ्याचे खरे चित्र दाखवण्याचा आहे. घसारा धरल्याशिवाय लाभांश जाहीर करायला तो कायदा मनाई करतो, आणि त्यामागचा विचार असा की यंत्र खाऊन झालेला नफा वाटून टाकला तर सावकाराचा आधारच जातो. आयकर कायद्याला कर गोळा करायचा आहे आणि मधूनमधून गुंतवणुकीला चालनाही द्यायची आहे. या दोन घसाऱ्यांतला 2,92,000 रुपयांचा फरक यंदा कर वाचवतो आणि पुढच्या वर्षांत तो फिरतो. तुमच्या कंपनीने 22 टक्क्यांच्या सवलतीच्या दराचा पर्याय घेतलेला आहे. अधिभार आणि उपकर धरून तो 25.168 टक्के होतो, म्हणून सुमारे 73,500 रुपये ताळेबंदात ‘स्थगित कर दायित्व’ म्हणून दिसतील. हे कोणाचे देणे आहे, असे तुमच्या वडिलांनी विचारले तर सांगा, आज न भरलेला पण पुढे भरावा लागणारा कर आहे.

मराठवाड्यातल्या उद्योगात आणखी एक प्रश्न वारंवार येतो, तुम्ही तो विचारला नसला तरी. कारखाना बंद असेल तर घसारा थांबतो का? 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि पुढच्या हंगामात ऊसच नसल्याने आपल्या भागातले अनेक साखर कारखाने गाळप सुरू करू शकले नाहीत. बॉयलर थंड होता, पण सरळ रेषेचा घसारा चालूच होता. काळानुसार वाटणी ठरवली असेल तर यंत्र पडून आहे म्हणून ती थांबत नाही. उत्पादनाच्या नगांवर वाटणी ठरवली असती तर बंद वर्षात घसारा शून्य आला असता, पण ती पद्धत सहसा जिथे यंत्राचे आयुष्य खरोखरच उत्पादनाने मोजता येते, अशा खाणीत किंवा साच्यांत, शोभते. साखर कारखान्यात गंज आणि कालबाह्यता ऊस नसतानाही काम करत असतात.

यातली पुढची पायरी फार थोड्या मालकांना ठाऊक असते. कारखान्यातला घसारा थेट नफा-तोट्यात दिसत असला तरी तयार मालाचे मूल्य काढताना त्याचा वाटा मालाच्या किमतीत धरावा लागतो. तुमच्या गोदामात 31 मार्चला पडून असलेल्या तूरडाळीच्या किमतीत सॉर्टेक्सच्या घसाऱ्याचा थोडा अंश आहे, आणि ती डाळ विकली जाईपर्यंत तो अंश खर्च म्हणून नफ्यावर पडणार नाही. पण हा वाटा नेहमीच्या उत्पादनक्षमतेवर काढायचा असतो. दुष्काळी वर्षात मिल निम्मीच चालली म्हणून क्विंटलमागे दुप्पट घसारा चढवून साठ्याची किंमत फुगवता येत नाही. जास्तीचा घसारा त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा करावा लागतो. दुष्काळी वर्षात नफा छान आणि साठ्याचे मूल्य भरमसाट, अशी जोडी दिसली की मी हा हिशेब आधी मागतो. आणि कारखाना पुन्हा चालण्याची चिन्हेच नसतील, तर घसाऱ्याने काम भागत नाही; मालमत्तेतून जेवढे वसूल होईल तेवढ्यापर्यंत तिचे मूल्य एकदम उतरवावे लागते, ज्याला इम्पेअरमेंट म्हणतात.

आता अमॉर्टायझेशन. या शब्दाला मराठीत ‘घसारा’ इतका रुळलेला प्रतिशब्द नाही, म्हणून मी तोच शब्द वापरतो. बँकेत कर्जाच्या हप्त्यांच्या वेळापत्रकालाही हाच शब्द आहे. त्याचा इथे संबंध नाही. हात लावून दाखवता येते अशा मालमत्तेच्या खर्चाची वाटणी म्हणजे घसारा, आणि हक्क, परवाना, पेटंट, सॉफ्टवेअर अशा अमूर्त मालमत्तेच्या खर्चाची वाटणी म्हणजे अमॉर्टायझेशन. तत्त्व तेच आहे, पण यंत्रापेक्षा इथे अंदाज जास्त निसरडे आहेत, कारण पेटंटला भंगारमूल्य नसते आणि सॉफ्टवेअर झिजत नाही, ते एका सकाळी निरुपयोगी होते.

तुमच्याजवळचे उदाहरण एमआयडीसीच्या भूखंडाचे आहे. एमआयडीसी भूखंड विकत नाही, 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. त्यासाठी 38 लाख रुपये अधिमूल्य भरले असेल, तर जमीन म्हणून ते कायमचे ताळेबंदात ठेवणे चूक आहे. दरवर्षी 40,000 रुपये खर्च दाखवावे लागतात. वाळूज-चिकलठाण्यातले किती तरी छोटे कारखानदार तो भूखंड आपल्याच मालकीचा समजतात आणि हा खर्च धरत नाहीत. रक्कम लहान असते म्हणून कोणाचे लक्ष जात नाही, एवढेच.

जालन्याच्या बियाणे कंपन्यांत हा विषय खरा रंगतो. नवे संकरित वाण शोधण्यावर वर्षानुवर्षे पगार, प्रक्षेत्र आणि चाचण्यांचा खर्च होतो. त्यातला संशोधनाच्या टप्प्यातला खर्च ज्या त्या वर्षी नफ्यातून वजा करावाच लागतो. वाण तांत्रिकदृष्ट्या तयार होणार, ते विकण्याचा कंपनीचा इरादा आणि ऐपत आहे, त्यातून उत्पन्न येणार आणि खर्च नीट मोजता येतो, हे दाखवता आले तरच त्यापुढचा विकसनाचा खर्च मालमत्ता म्हणून धरता येतो आणि वाण बाजारात आल्यावर त्याचे अमॉर्टायझेशन सुरू होते. संशोधन कुठे संपले आणि विकसन कुठे सुरू झाले ही रेघ कंपनीच आखते. रेघ जितकी लवकरच्या टप्प्यावर, तितका आजचा नफा मोठा. याउलट दुसऱ्या कंपनीकडून एखाद्या गुणधर्माचा परवाना विकत घेतला असेल तर किंमत ठरलेली असते आणि मुदत करारातच लिहिलेली असते. तिथे वादाला जागा उरत नाही.

स्वतः कमावलेले नाव मात्र ताळेबंदात येत नाही. तुमच्या वडिलांनी पंचवीस वर्षांत तूरडाळीच्या पोत्यावरचे चिन्ह लातूर-सोलापूरच्या बाजारात नावारूपाला आणले, पण त्याचे हिशेबात मूल्य शून्य आहे. उद्या तेच चिन्ह दुसऱ्या कंपनीने 50 लाखांना विकत घेतले तर त्यांच्या ताळेबंदात ते 50 लाखांची मालमत्ता म्हणून उभे राहील. हे विचित्र वाटते, पण कोणी तरी प्रत्यक्ष पैसे मोजल्याशिवाय अशा गोष्टीची किंमत ठरवायला हिशेबशास्त्र धजत नाही. अमूर्त मालमत्तेचे आयुष्य, उलट पुरावा नसेल तर, 10 वर्षांपेक्षा जास्त नाही असे लेखामानक 26 गृहीत धरते. मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या इंड-एएस मानकांत तशी कमाल मर्यादा नाही, आणि दुसरी कंपनी विकत घेताना जास्त मोजलेल्या किमतीचे गुडविल तिथे अमॉर्टाइझ होतच नाही; दरवर्षी त्याची तपासणी होते, आणि मूल्य उतरले असेल तर एकदम फटका बसतो. आयकरातही आर्थिक वर्ष 2020-21 पासून गुडविलवर घसारा मिळत नाही.

शेअर बाजारातल्या कंपनीचा अहवाल वाचताना नफा-तोटा पत्रकातल्या त्या एका ओळीवर थांबू नका. ओळ बेरजेची आहे. मजकूर टिपांमध्ये आहे. स्थिर मालमत्तेच्या टिपेत मूळ किंमत, वर्षातली भर, विक्री, आजवरचा साचलेला घसारा आणि निव्वळ शिल्लक असा तक्ता असतो. साचलेला घसारा मूळ किमतीच्या 80 टक्क्यांवर गेला असेल, तर यंत्रे जुनी झाली आहेत आणि मोठा खर्च दाराशी आला आहे, असा तर्क करता येतो. यात एक खाचखळगा आहे. इंड-एएस प्रथम स्वीकारताना अनेक कंपन्यांनी त्या दिवसाची निव्वळ शिल्लकच नवी ‘मूळ किंमत’ मानली, त्यामुळे तीस वर्षे जुना कारखानाही कागदावर तरुण दिसतो. कंपनीने हा पर्याय घेतला का, ते लेखाधोरणांच्या टिपेत लिहिलेले असते.

मग वर्षाचा घसारा मूळ किमतीने भागून पाहा. 900 कोटींच्या मालमत्तेवर 60 कोटी घसारा म्हणजे सरासरी 15 वर्षांचे आयुष्य धरले आहे. त्याच धंद्यातली दुसरी कंपनी 11 वर्षे धरत असेल तर पहिलीचा नफा जास्त दिसण्याचे कारण कारखान्यात नसून या अंदाजात असू शकते. अमेरिकेतल्या वेस्ट मॅनेजमेंट या कचरा वाहणाऱ्या कंपनीने कचरागाड्यांचे आयुष्य लांबवून आणि त्यांचे अवशिष्ट मूल्य फुगवून 1990 च्या दशकात वर्षानुवर्षे नफा वाढवून दाखवला. 1998 मध्ये तिला 1.7 अब्ज डॉलरची दुरुस्ती करावी लागली. तिथल्याच वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीने त्याहून सरळ वाट धरली: इतर कंपन्यांच्या तारा वापरण्याचा रोजचा खर्चच मालमत्ता म्हणून नोंदवला, म्हणजे तो घसाऱ्याच्या रूपाने हळूहळू नफ्यावर पडावा. 2002 च्या जूनमध्ये उघड झालेला पहिलाच आकडा 3.8 अब्ज डॉलरचा होता.

यंत्रे विकल्यावर काय होते तेही पाहण्यासारखे असते. दरवर्षी मालमत्ता विकून तोटाच होत असेल, तर आयुष्य जास्त लांब धरून आजवर घसारा कमी दाखवला गेला आहे. दरवर्षी नफाच होत असेल तर उलट. आणि ‘काम प्रगतिपथावर’ असलेल्या भांडवली खर्चाकडेही नजर टाका. काम पूर्ण झाले असे दाखवेपर्यंत घसारा सुरू होत नाही, त्यामुळे काही कंपन्या चालू झालेला कारखानाही तिथेच अडकवून ठेवतात. आता कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टाप्रमाणे या रकमा किती वर्षांच्या जुन्या आहेत याचा तक्ता द्यावा लागतो. तीन वर्षांहून जुनी रक्कम मोठी असेल तर तिचे स्पष्टीकरण वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तुम्ही पाठवलेल्या पानावर कंपनीने व्याज, कर, घसारा आणि अमॉर्टायझेशन वजा करण्यापूर्वीचा नफा, म्हणजे एबिटडा, ठळक छापला आहे आणि तो 30 टक्के वाढल्याचे म्हटले आहे, तरी निव्वळ नफा घटलेला आहे. या कंपनीची दुकाने भाड्याच्या जागेत आहेत, आणि तिथेच मेख आहे. 1 एप्रिल 2019 पासून लागू झालेल्या इंड-एएस 116 नुसार लांब मुदतीचे भाडे ‘भाडे’ म्हणून दिसत नाही. जागा वापरण्याचा हक्क ही मालमत्ता होते, तिच्यावर घसारा पडतो आणि देण्यावर व्याज. म्हणजे भाड्याचा खर्च एबिटडाच्या रेषेखाली सरकतो. नवी दुकाने उघडत राहिली की एबिटडा चढत राहतो, आणि जागामालकाला दरमहा द्यायचा पैसा मात्र कमी झालेला नसतो. दुकानांच्या धंद्यात, किंवा जिथे यंत्रे सतत बदलावी लागतात अशा पोलादाच्या धंद्यात, घसारा मिळवलेला नफा हा मला अर्धवट आकडा वाटतो, कारण भट्टीचे अस्तर कोणी तरी पैसे देऊनच बदलते.

राहिला सॉर्टेक्सच्या 10 वर्षांचा प्रश्न. धरता येतील. परिशिष्टातली 15 वर्षे ही सूचक आहेत. वेगळे आयुष्य धरायचे असेल तर त्याला तांत्रिक आधार लागतो आणि तो टिपांमध्ये सांगावा लागतो. सॉर्टेक्समधले कॅमेरे आणि इलेक्ट्रॉनिक भाग यंत्राच्या सांगाड्याआधी जुने होतात, म्हणून मी तुम्हाला सबंध यंत्राचे आयुष्य कमी करण्यापेक्षा त्याचे भाग करण्याचा सल्ला देईन: कॅमेरा आणि नियंत्रण प्रणालीची किंमत मोठी असेल तर तिचे आयुष्य वेगळे धरणे कायद्यालाच अपेक्षित आहे, आणि पुढे ती प्रणाली बदललीत तर जुनीची शिल्लक काढून नवीची नोंद सरळ करता येते. समजा कॅमेरा-प्रणालीचे 18 लाख 7 वर्षांवर आणि उरलेले 42 लाख 15 वर्षांवर वाटले, तर 5 टक्के भंगारमूल्य वजा जाता वर्षाचा घसारा सुमारे 2,44,000 अधिक 2,66,000, म्हणजे 5,10,000 होतो. सबंध यंत्र 15 वर्षांचे धरल्यास येणाऱ्या 3,80,000 पेक्षा तो खऱ्याच्या अधिक जवळ आहे. नफा तेवढा कमी दिसेल, आयकरावर परिणाम होणार नाही, कारण तो गट पद्धतीने चालतो, आणि बँकेच्या गुणोत्तरावरही जवळजवळ परिणाम होणार नाही, कारण तिथे घसारा परत मिळवलाच जातो.

यासाठी यंत्र पुरवणाऱ्याकडून भागनिहाय किमतीचे पत्र आणि अपेक्षित आयुष्याचा लेखी दाखला हिशेब पूर्ण होण्याआधी मागून घ्या, नंतर मागितला तर तो आठ महिने येत नाही. आणि त्याच वेळी स्थिर मालमत्तेची नोंदवही हातात घेऊन मिलमध्ये एक फेरी मारा. मी उमेदवारी करत असताना एका जिनिंग कारखान्यात नोंदवहीतल्या दोन यंत्रांवर सहा वर्षे घसारा चालला होता, ती दाखवा म्हटल्यावर फोरमन म्हणाला, “ते तर कव्हाच भंगारात गेलं, साहेब.” भंगाराचे पैसे कुठल्याही खात्यात जमा नव्हते.